फाइल बदलली की थांबायचं

सर्व्हरवर सतत चालू राहणारा प्रोग्राम स्वतःची फाइल एकदाच वाचतो, सुरू होताना. त्यानंतर डिस्कवरच्या त्या फाइलीशी त्याचं देणंघेणं संपतं. तुम्ही तिथे नवा नियम लिहा, जुना खोडा, हवं तर अख्खी फाइल पुसून टाका. तो मेमरीत घेतलेल्या प्रतीवर काम करत राहतो. एरर येत नाही, लॉगमध्ये ओळ उमटत नाही, स्क्रीनवर सगळं आलबेल दिसतं. म्हणूनच हा प्रकार मला बंद पडलेल्या सर्व्हरपेक्षा जास्त धोक्याचा वाटतो. बंद पडलेला सर्व्हर निदान लगेच कळतो, लागोपाठ फोन सुरू होतात.

मी सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत पेढ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. हळद आणि बेदाणा हा इथला मुख्य माल. सौदा होतो, वजन होतं, आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात एक कागद पडतो, पट्टी. पोती किती, एकूण वजन किती, त्यातून बारदान्याचं किती वजा, दर काय, हमाली आणि तोलाई किती, आणि खाली निव्वळ रक्कम. हळद लावल्यापासून ती शिजवून, वाळवून, पॉलिश करून इथवर आणेपर्यंतचा सगळा खटाटोप त्या शेवटच्या आकड्यात उतरलेला असतो. हिशेबाचा एखादा नियम बदलला, तर तो ठरलेल्या क्षणापासून पट्टीत दिसलाच पाहिजे. ह्या बाबतीत मी हट्टी आहे आणि हट्टीच राहणार आहे.

एका पेढीवरच्या दिवाणजींचा मला फोन आला होता. “ताई, बारदान्याचा नियम बदलला म्हणालासा न्हवं? मग ही पट्टी जुन्याच हिशेबानं कशी काय निघाली ओ?” मी फाइल उघडून पाहिली. नवा नियम तिथे होता, बरोबर लिहिलेला होता. “काका, नियम बदललाय,” मी म्हटलं, “पण चालू प्रोग्रामला ते अजून ठाऊक नाही.” ज्याने फाइल तिथे नेऊन ठेवली तो ठेवून निघून गेला होता, सर्व्हर पुन्हा सुरू करायचा असतो, हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. शेतकरी अजून यार्डातच होता, त्यामुळे पट्टी तिथल्या तिथे दुरुस्त झाली. पण फोन ठेवताना दिवाणजी म्हणाले, “त्याला सांगायला माणूसच कशाला पायजे?”

नकोच, असं माझं ठाम मत आहे. ज्या फाइलींवरून आपण उभे राहिलो त्या बदलल्यात, हे प्रोग्रामला स्वतःलाच कळलं पाहिजे. आणि कळल्यावर त्याने आपणहून थांबलं पाहिजे.

वेबसाइट लिहायच्या पीएचपी भाषेत रुळलेल्या मंडळींना हे ऐकून नवल वाटतं. त्यांची सवय अशी की फाइल सेव्ह केली, ब्राउझर रिफ्रेश केला, बदल समोर हजर. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून शिकायला येणारी मुलं बऱ्याचदा हीच सवय घेऊन येतात आणि पायथनच्या सर्व्हरपुढे पहिल्या आठवड्यात गोंधळतात. त्यांचं काही चुकत नाही. १९९३ च्या सुमारास वेबवर प्रोग्राम चालवण्याची सीजीआय ही पद्धत आली, तेव्हा प्रत्येक विनंतीसाठी नवी प्रोसेस, म्हणजे प्रोग्रामची चालती प्रत, सुरू व्हायची, उत्तर द्यायची आणि संपायची. जुनं होण्याइतकं आयुष्यच तिला नव्हतं. पीएचपीने त्याच वळणाने दर विनंतीला पाटी कोरी ठेवली; त्याचा ऑपकॅश वेगासाठी फाइल मेमरीत धरून ठेवतो खरा, पण मूळ सेटिंगमध्ये दोन सेकंद उलटून गेले असतील तर विनंती आल्यावर आधी फाइल बदलली का ते तपासतो. पायथन, नोड, जावा यांच्या सर्व्हरांनी मात्र प्रोसेस दिवसेंदिवस जिवंत ठेवली. डेटाबेसची कनेक्शनं उघडी राहतात, लायब्ऱ्या पुन्हा पुन्हा लोड कराव्या लागत नाहीत, उत्तर पटकन जातं. निर्णय बरोबरच होता. फक्त प्रोसेस दीर्घायुषी झाली तशी ती जुनीही होऊ लागली, आणि तिकडे लक्ष द्यायचं काम माणसाच्या आठवणीवर सोडून दिलं गेलं.

उपाय दिसायला साधा आहे. प्रोग्रामच्या आतच एक वेगळा थ्रेड, म्हणजे बाकीच्या कामासोबत चालणारा कामाचा धागा, चालू ठेवायचा. त्याने दर सेकंदाला उठायचं, आपण आतापर्यंत कोणकोणत्या फाइली वाचल्या त्यांची यादी घ्यायची, प्रत्येकीत शेवटचा बदल कधी झाला ते डिस्कला विचारायचं आणि मागच्या फेरीत टिपून ठेवलेल्या वेळेशी ताडून बघायचं. फरक दिसला, किंवा फाइलच गायब झाली, की प्रोसेस थांबवायची. अपाचे ह्या वेब सर्व्हरवर पायथन चालवण्यासाठी मॉड-डब्ल्यूएसजीआय लिहिणाऱ्या ग्रॅहम डंपल्टन यांनी त्याच्या माहितीपानांत हीच कृती दिली आहे आणि माझी पहिली आवृत्ती तिच्यावरूनच बेतलेली होती. पायथनमध्ये यादी आयतीच मिळते. लोड झालेलं प्रत्येक मॉड्यूल सिस-मॉड्यूल्स नावाच्या डिक्शनरीत असतं, आणि आपण कुठल्या फाइलीतून आलो हे बहुतेक मॉड्यूल्सना माहीत असतं.

इथे एक बारीक गोष्ट आहे. डिस्कवरची वेळ ‘नंतरची’ आहे का, असं विचारायचं नाही. ‘वेगळी’ आहे का, एवढंच विचारायचं. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये प्रोग्राम बांधून देणारं मेक लिहिलं, ते आधी-नंतर बघतं, आणि तिथे ते योग्यच आहे. मूळ फाइल नंतर बदलली असेल तर तिच्यापासून बनवलेली फाइल पुन्हा बनवायची, एवढं त्याला ठरवायचं असतं. आपला प्रश्न निराळा. समजा नवी आवृत्ती बिघडली म्हणून गेल्या आठवड्यातली फाइल परत आणून ठेवली, आणि कॉपी करताना तिची मूळ वेळही जपली गेली. फाइली कॉपी करणाऱ्या आरसिंकला तसं सांगितलं की तो ती जपतो. आता डिस्कवरची फाइल मेमरीतल्या प्रतीपेक्षा जुनी झाली. ‘नंतरची’ शोधणारा थ्रेड तिच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. आणि मागे फिरायची पाळी येते तेव्हा तर बदल लगोलग लागू व्हायला हवा असतो.

त्या वेळेवरही डोळे झाकून विसंबता येत नाही. एक्स्ट३ ही फाइल सिस्टम बदलाची वेळ पूर्ण सेकंदांत ठेवायची, फॅट तर दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनी. एक्स्ट४ ने नॅनोसेकंदांपर्यंत जागा करून दिली. पण पायथन आपल्या कोडची जी भाषांतरित प्रत, पीवायसी फाइल, बनवून ठेवतं तिच्यात मूळ फाइलीची वेळ अजूनही सेकंदांतच असते, आणि सोबत आकार. फाइल सेव्ह झाली, वाचली गेली, आणि त्याच सेकंदात पुन्हा सेव्ह झाली. बदल काय, तर १ च्या जागी २, म्हणजे आकार तोच. अशा वेळी प्रोसेस रीतसर थांबून पुन्हा सुरू झाली तरी जुनाच नियम उचलते. माणूस हाताने टाइप करतो तेव्हा असं क्वचितच होईल. स्क्रिप्ट फाइली बदलते तेव्हा होऊ शकतं. पायथन ३.७ पासून पीवायसीत वेळेऐवजी मजकुराचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, ठेवण्याची सोय आहे, हिशेबाच्या फाइलींसाठी मी ती वापरते.

दर सेकंदाला जाऊन विचारायचं, की कुणीतरी कळवेल म्हणून थांबायचं, हा ह्या कामातला जुना वाद. सांगलीच्या माणसाला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पावसाळ्यात कोयनेचा विसर्ग वाढला की इथे प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न: आयर्विनला, म्हणजे कृष्णेवरच्या पुलापाशी, किती फूट? ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. काही जण दर तासाला पुलाकडे चक्कर मारून आकडा स्वतः बघून येतात, काही जण घरी बसून मोबाइलवर पुढच्या संदेशाची वाट बघतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २००५ ची पातळीसुद्धा मागे पडली, तेव्हा दोन्ही पद्धतींचा कस लागला. संदेश वेळेवर आला तर त्यासारखं काही नाही, सगळा हेलपाटा वाचतो. पण मधेच रेंज गेली, तर संदेश आला नाही म्हणजे पाणी वाढलं नाही, असाच समज होतो. चक्कर मारणाऱ्याचं तसं होत नाही. त्याने पाणी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

लिनक्समध्ये कळवण्याची सोय म्हणजे आयनोटिफाय. जॉन मॅककचन आणि रॉबर्ट लव्ह यांनी ती लिहिली आणि कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, २.६.१३ आवृत्तीत ती आली, २००५ च्या ऑगस्टअखेर. सांगली तेव्हा त्या वर्षीच्या पुरातून नुकती सावरत होती. सोय उत्तम आहे. फाइल बदलली की कर्नलच सांगतं, दर सेकंदाच्या फेऱ्या नाहीत, लॅपटॉपच्या बॅटरीवर भार नाही. पण संदेश हरवण्याच्या जागा बऱ्याच आहेत. अनेक एडिटर सेव्ह करताना त्याच फाइलीत लिहीत नाहीत. शेजारी नवी फाइल लिहून तिला जुनीचं नाव देतात. तुम्ही लक्ष ठेवलेलं असतं जुन्या फाइलीवर, ती गेली आणि तिच्याबरोबर तुमची नजरही गेली. म्हणून फाइलीवर नव्हे, फोल्डरवर लक्ष ठेवावं लागतं. तेही प्रत्येक उपफोल्डरवर वेगवेगळं, कारण आयनोटिफाय आपणहून आत उतरत नाही. एका युजरला किती ठिकाणी लक्ष ठेवता येईल त्याची मर्यादा बरीच वर्षं ८१९२ होती, पुढे ५.११ कर्नलपासून ती मेमरीच्या हिशेबात ठरू लागली.

माझं घोडं अडलं ते शेअर केलेल्या फोल्डरवर. पेढ्यांमध्ये बऱ्याचदा फाइली एका मशीनवर असतात आणि प्रोग्राम दुसऱ्यावर चालतो. दुसऱ्या मशीनने नेटवर्कवरून केलेला बदल आपल्या कर्नलच्या हातून झालेलाच नसतो, मग ते कळवणार काय? तिथे आयनोटिफाय गप्प बसतं. शांतता आणि ‘काही बदललं नाही’ यांत फरक करता येत नाही, म्हणून मी फेऱ्या मारणंच पत्करलं. काहीशे फाइलींची वेळ सेकंदातून एकदा विचारणं आजच्या मशीनला जाणवतही नाही. जँगो ह्या पायथनच्या वेब फ्रेमवर्कवाल्यांनीही २०१९ च्या एप्रिलमध्ये २.२ आवृत्तीत आपलं रीलोडर, बदल दिसला की पुन्हा सुरू करणारा भाग, नव्याने लिहिलं तेव्हा आयनोटिफाय वापरणाऱ्या पायआयनोटिफाय लायब्ररीचा आधार काढून टाकला. मूळ पद्धत फेऱ्यांचीच ठेवली, आणि ज्याला हवं त्याच्यासाठी वॉचमन हा फाइलींवर लक्ष ठेवणारा वेगळा प्रोग्राम दिला. ते वाचून मला बरं वाटलं.

बदल कळण्यापेक्षा कळल्यावर थांबायचं कसं, ह्यावर मी कितीतरी जास्त विचार केला आहे. पायथनमध्ये थ्रेडच्या आतून सिस-एक्झिट म्हटलं तर फक्त तो थ्रेड संपतो, बाकी प्रोसेस चालूच. म्हणजे बदल ज्याला कळला तोच गेला, आणि ज्यांना कळला नाही ते पट्ट्या काढत राहिले. पायथनच्या ओएस मॉड्यूलमधली अंडरस्कोरवाली एक्झिट अगदी उलट्या टोकाची. ती प्रोसेस जागच्या जागी संपवते. बफरमध्ये अडकलेला मजकूर फाइलीत उतरवत नाही, आवराआवरीसाठी नोंदवून ठेवलेली फंक्शनं चालवत नाही. ९ नंबरचा सिग्नल (प्रोसेसला पाठवायची सूचना), सिगकिल, तर प्रोसेसच्या हातातच पडत नाही, कर्नल परस्पर निकाल लावतं.

मधली वाट अशी, की थ्रेडने स्वतःच्याच प्रोसेसला सिगइंट पाठवायचा. २ नंबरचा सिग्नल, कंट्रोल-सी दाबल्यावर जातो तोच. पायथन सिग्नल नेहमी मुख्य थ्रेडवरच हाताळतं, त्यामुळे तो योग्य ठिकाणी पोचतो, तिथे कीबोर्ड-इंटरप्ट उठतो, आणि जे जे उघडलं होतं ते ते बंद करायला सवड मिळते. ‘थांब’ सांगणारा दुसरा सिग्नल, सिगटर्म, वापरायचा तर हँडलर, म्हणजे त्याला उत्तर देणारं फंक्शन, स्वतः लिहावा लागतो; नाही लिहिला तर पायथन मधे पडत नाही आणि प्रोसेस तशीच, काही न आवरता जाते.

यार्डात ही सवड फार मोलाची आहे. वजनकाट्याचा आकडा सिरियल पोर्टवरून येतो. पोर्ट न सोडता जुनी प्रोसेस कुठे अडकून राहिली तर नव्या प्रोसेसला तो मिळत नाही, किंवा दोघी मिळून एकाच आकड्याचे तुकडे वाटून घेतात, आणि ते त्याहून वाईट. काट्यावर पोतं चढलेलं असताना, हमाल वाकून उभा असताना, ‘काटा दिसत नाही’ असं म्हणायची वेळ कुणावर येऊ नये. म्हणून माझा थ्रेड बदल दिसल्या दिसल्या सिग्नल पाठवत नाही. आधी एक खूण वर करतो: नवं काम घेऊ नका. जी पट्टी निम्मी झाली आहे ती पुरी होते, डेटाबेसात तिची नोंद पक्की होते, छापली जाते. मगच सिग्नल. नोंद पक्की व्हायच्या आत काही बिनसलंच तर आमचा पोस्टग्रेस डेटाबेस तो व्यवहार मागे घेतो, अर्धवट पट्टी राहत नाही. छपाईचं तसं नाही. कागद बाहेर आला की तो मागे घेता येत नाही, म्हणून आधी नोंद आणि मग छपाई हा क्रम मी कधीही उलटू देत नाही.

प्रोसेस थांबली, आता उठवणार कोण? थांबणं आणि पुन्हा सुरू होणं ही दोन वेगळ्या हातांची कामं असावीत, हे मला फार पटलेलं आहे. जँगोचं रनसर्व्हर तसंच करतं: वरची प्रोसेस फक्त राखण करते, खालची काम करते, बदल दिसला की खालची ३ हा कोड देऊन बाहेर पडते, आणि वरची तो कोड पाहून तिला पुन्हा उभी करते. दुसरा कुठलाही कोड आला तर वरचीही थांबते. माझ्या सर्व्हरवर राखणीचं काम लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीकडे आहे. तिथे पुष्कळांची गाडी एकाच ठिकाणी अडते. ‘बिघडलं तरच पुन्हा सुरू कर’ असा एक पर्याय आहे आणि नावावरून तोच शहाणपणाचा वाटतो. पण सिगइंट किंवा सिगटर्मने झालेला शेवट सिस्टमडी बिघाडात धरत नाही. प्रोसेस शिस्तीत थांबली, म्हणून सिस्टमडीही शिस्तीत स्वस्थ बसतं, आणि पेढी बंद. इथे ‘नेहमी पुन्हा सुरू कर’ हाच पर्याय हवा.

मधल्या सेकंद-दोन सेकंदांत विनंत्या येतात त्यांचं काय? सिस्टमडीची सॉकेट अ‍ॅक्टिव्हेशनची सोय मला ह्या सगळ्या यंत्रणेतली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. विनंत्या येतात तो नेटवर्कचा पोर्ट प्रोसेसने उघडायचाच नाही. तो सिस्टमडी उघडून धरतं आणि प्रोसेस सुरू झाली की तिच्या स्वाधीन करतं. जुनी प्रोसेस गेली तरी पोर्ट उघडाच असतो. आलेली कनेक्शनं कर्नलच्या रांगेत उभी राहतात, नवी प्रोसेस आली की पुढे सरकतात. काट्यापाशी बसलेल्या मुलाला स्क्रीन क्षणभर रेंगाळल्यासारखी वाटते, एवढंच. नकार कुणालाच मिळत नाही.

आता नवी फाइल मुळातच चुकीची असेल तर? कंस बंद केलेला नाही, अशी. प्रोसेस उठते, पडते, पुन्हा उठते, पुन्हा पडते. सिस्टमडी मूळ सेटिंगमध्ये १० सेकंदांत ५ वेळा उठवून बघतं आणि मग हात टेकतं. चालू असलेलं जुनं काम थांबवून आपण बंद पडलेलं नवं काम आणलं, असा त्याचा अर्थ. म्हणून थांबण्याआधी माझा थ्रेड नवी फाइल वाचून ती पायथनला कळते का, एवढं तपासतो. कळली नाही तर तो थांबत नाही, पण गप्पही राहत नाही. पट्टीच्या स्क्रीनवर वरच्या बाजूला लाल पट्टा येतो, ‘नवा नियम लागू झालेला नाही’, आणि मला मेसेज येतो. जुन्या नियमाने चालणं काही वेळ चालवून घेता येतं. जुन्या नियमाने चाललंय हे कुणालाच माहीत नसणं मला चालत नाही.

तसंच एका बदलात अनेक फाइली असतात तेव्हा. पहिली फाइल पोचली, थ्रेडला कळलं, प्रोसेस थांबली आणि उठली, तेव्हा उरलेल्या फाइली अजून वाटेतच. हिशेबाचा नियम नवा आणि छपाईचा जुना, असा संकर तयार होतो, आणि असा प्रोग्राम कुणीच कधी लिहिलेला किंवा तपासलेला नसतो. त्यामुळे पहिला बदल दिसल्यावर थोडं थांबायचं, फाइली बदलायच्या थांबल्या आहेत याची खात्री करायची, मग पुढे जायचं. त्याहून चांगलं म्हणजे अख्खी आवृत्ती वेगळ्या फोल्डरात तयार ठेवायची आणि सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारं नाव, एका झटक्यात तिकडे वळवायची. हे अनेक जण करतात, मीही करते. यावर जास्त लिहीत नाही.

“एवढं थांबवायचं-उठवायचं कशाला? चालू प्रोग्राममध्येच नवा कोड घालता येत नाही का?” हे मला मुलं हमखास विचारतात. पायथनमध्ये रीलोड आहे. पण दुसऱ्या एखाद्या मॉड्यूलने त्यातलं फंक्शन आधीच नावाने मागवून घेतलेलं असेल, तर त्याच्याकडे जुनंच राहतं. जुन्या क्लासच्या आधीच बनलेल्या वस्तू जुन्याच क्लासच्या राहतात. अर्धं नवं, अर्धं जुनं. पुन्हा तोच संकर, आणि आता तो मेमरीच्या आत, डोळ्यांना न दिसणारा.

चालू असताना कोड बदलण्याचं काम मनापासून केलं ते अर्लांगने. एरिक्सनमध्ये १९८० च्या दशकात ती भाषा घडली, टेलिफोन एक्स्चेंजसाठी. तिथे बोलणं चालू असताना थांबणं परवडणारं नव्हतं. अर्लांग एका मॉड्यूलच्या दोन आवृत्त्या एकाच वेळी सांभाळतं, चालू आणि जुनी. जुन्यात काम करणारी प्रोसेस सवडीने नव्यात येऊ शकते. पण तिसरी आवृत्ती आली की सगळ्यात जुनी काढून टाकली जाते, आणि तिच्यात अजून रेंगाळलेल्या प्रोसेस सरळ संपवल्या जातात. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ त्याच पानावर होते. ज्यांनी न थांबण्यासाठी भाषा बनवली, त्यांनाही जुनेपणाला कुठेतरी हद्द घालावी लागली, आणि ती हद्द म्हणजे थांबवणंच.

काही अनुभवी लोकांचं म्हणणं आहे की हे सगळं कोड लिहिताना, आपल्या मशीनवर ठीक; प्रत्यक्ष कामाच्या सर्व्हरवर असलं काही नको. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. फाइल लिहिण्याची मुभा ज्याला आहे त्याला सर्व्हर थांबवण्याचीही मुभा मिळते. एकाच प्रोसेसमध्ये अनेकांची कामं चालत असतील तर एकाच्या फाइलीपायी सगळे थांबतात. डंपल्टन यांनीही ही कृती अपाचेच्या स्वतःच्या प्रोसेसमध्ये न वापरता मागे चालणाऱ्या वेगळ्या, ‘डीमन’ प्रोसेसमध्येच वापरायला सांगितली आहे, ती ह्याच काळजीने. मोठ्या कंपनीत नवी आवृत्ती चढवायला वेगळी माणसं असतात, ठरलेली वेळ असते, तपासणीच्या पायऱ्या असतात. तिथे याची गरज नाही, हे मी मान्य करते. पेढीवर ती माणसं नसतात. सकाळी सौदे सुरू झाले की दिवाणजी दुपारपर्यंत मान वर करत नाहीत, आणि ‘सर्व्हर पुन्हा सुरू केला का’ हा प्रश्न विचारायला तिथे कुणी मोकळं नसतं. जिथे माणसं कमी, तिथे अशा सोयीची गरज जास्त, असं मला ह्या कामात दिसत आलं आहे. मुभेचं म्हणाल तर त्या फोल्डरात लिहिण्याचा हक्क मी एकाच खात्याला दिला आहे, आणि हिशेबाचे नियम सौदे संपल्यावरच लागू होतील असं बंधन थ्रेडवर घातलं आहे.

एका फाइलीला मात्र मी ह्या सगळ्यातून वगळलं आहे. वजनकाट्याशी बोलणारी लायब्ररी तयार बायनरीच्या रूपात येते, एसओ फाइल. ती पायथनच्या मजकुरासारखी एकदा वाचून बाजूला ठेवलेली नसते. चालू प्रोसेसच्या मेमरीत थेट जोडलेली असते. तीच फाइल जागेवर ओव्हरराइट केली तर चालू प्रोसेसच्या पायाखालचेच बाइट बदलतात आणि ती बहुधा कोसळते. बदल टिपणाऱ्या थ्रेडला उठायलाही वेळ मिळत नाही, मग आवराआवर तर दूरच. नवी फाइल शेजारी ठेवून नाव बदललं तर धोका टळतो. पण ती फाइल कोण, कुठून, कशाने कॉपी करेल याचा मला भरवसा देता येत नाही. त्यामुळे तिच्यासाठी क्रम उलटा ठेवला आहे: आधी प्रोसेस थांबवायची, पोर्ट सुटल्याची खात्री करायची, फाइल बदलायची, आणि मग सुरू करायचं. हे काम अजून हातानेच होतं, संध्याकाळी काटा रिकामा झाल्यावर.